स्मरणिकेचं प्रूफ : लेखननियमांतली कुठली कलमं सगळ्यांच्या नजरेतून सुटतात?

प्रश्न : स्मरणिका_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका वसतिगृहाची ९६ पानी स्मरणिका पुढच्या पंधरवड्यात छपाईला जायची आहे. प्रूफं वाचायला आम्ही तिघं आहोत. पहिलं वाचन झालंय. शब्दकोश शेजारी ठेवून ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, ‘कि’चं ‘की’ केलं, ‘आणी’चं ‘आणि’ केलं, नेहमीच्या शुद्ध-अशुद्ध याद्या लावून झाल्या. एवढं करूनही छापून आल्यावर कोणीतरी बरोबर चुकीवर बोट ठेवतंच.

लेखननियमांतली अशी कुठली कलमं आहेत, जी शाळेत एकदा शिकवून होतात आणि मग प्रूफ वाचताना कोणाच्या ध्यानातच राहत नाहीत? सगळे नियम नकोत. दुर्लक्षित तेवढेच सांगा, उदाहरणांसकट.

मजकूर असा : अंबाबाई, तालमी, गूळ-ऊस, महापूर आणि वसतिगृहाचा इतिहास यांवरचे लेख, जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती, त्यांत बोली भरपूर, एक जुनं पत्र, शेवटी जाहिराती. अर्धे लेख युनिकोडमध्ये आलेत, अर्धे जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून घेतलेत.

---

उत्तर : प्रूफवाला_शनिवारपेठ

शब्दकोश शेजारी ठेवून वाचताय, तिथंच मेख आहे. कोशात शब्द मूळ रूपात असतो आणि वाक्यात तो तसा फार कमी वेळा येतो. प्रत्यय लागला की रूप बदलतं, समासात गेला की परत बदलतं. चुका नेमक्या त्या बदलात बसतात आणि तिथं कोश काही बोलत नाही. म्हणून दुसरं वाचन फक्त सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप) आणि समास एवढ्याचसाठी ठेवा. अर्थाकडे लक्षच द्यायचं नाही.

आधी सामान्यरूप. तुमच्याच गावाचं नाव घ्या. कोल्हापूर, कोल्हापूरला, कोल्हापूरचा, कोल्हापूरहून, कोल्हापूरकर : इथं प्रत्यय थेट शब्दाला चिकटलाय, म्हणून ‘पू’ दीर्घ. कोल्हापुरात, कोल्हापुरी : इथं ‘र’ला आ किंवा ई जोडली गेली, ‘पू’ शेवटून दुसऱ्या जागेवर अकारान्त अक्षराच्या आधी राहिला नाही, म्हणून ऱ्हस्व. ‘कोल्हापूरात’ आणि ‘कोल्हापुरकर’ दोन्ही चूक, आणि एकाच पानावर दोन्ही सापडतात.

हाच न्याय ऊस, गूळ, दूध, पूर यांना लावा. ऊस पण उसाचा, उसाला. गूळ पण गुळाचा. दूध पण दुधाचा. महापूर पण महापुरात. याच शब्दांपुढे दुसरा शब्द जोडला तर मात्र मूळ रूप कायम : ऊसतोड, ऊसदर, दूधसंघ, पूरग्रस्त, पूररेषा. ‘ऊसाचा दर’ हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय अपराध. ‘२०१९च्या महापूरात’ हा दुसरा.

अपवाद तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा. शरीर–शरीरात, सूत्र–सूत्राने, परीक्षा–परीक्षेत, जीवन–जीवनात. यांचा दीर्घ हलत नाही. नियम नव्यानं कळलेला माणूस उत्साहात ‘शरिरात’ करून टाकतो, ते सांभाळा.

तीन अक्षरी शब्दांचं एक कलम तर जवळजवळ कोणी वापरतच नाही. मधलं अक्षर दीर्घ ई-ऊचं असेल तर पहिलं अक्षर बघायचं. पहिलं दीर्घ असेल तर मधल्याचा अ होतो : तालीम–तालमीत, पाटील–पाटलांना, बेरीज–बेरजेत, लाकूड–लाकडाचा. पहिलं ऱ्हस्व असेल तर मधलं नुसतं ऱ्हस्व होतं : वकील–वकिलांना, जमीन–जमिनीत, गरीब–गरिबांना. बोलताना आपण बरोबर बोलतो, टाइप करताना ‘तालीमीत’ आणि ‘पाटीलांनी’ होतं, कारण टाइप करणारा आधी नाव पुरं करतो आणि मग प्रत्यय चिकटवतो. पूर्ण नाव असेल तिथं ‘पाटील यांनी’ लिहावं, भानगड मिटते.

अजून तीन कलमं, झटपट :

मधलं अक्षर क किंवा पचं द्वित्त असलेला तीन अक्षरी शब्द सामान्यरूपात द्वित्त टाकतो. रक्कम–रकमेचा, छप्पर–छपरावर, दुप्पट–दुपटीने. आणि कोल्हापुरी चप्पल–चपलेचा, चपलांना. ‘चप्पलेचा अंगठा’ असं छापू नका.

शेवटी ‘जा’ असलेला पुल्लिंगी शब्द ‘ज्या’ होत नाही : दरवाजाला, दर्जाचा. शेवटी ‘सा’ असेल तर ‘शा’ होतो, ‘श्या’ नाही : पैशाचा, घशात, माशाला.

धातूच्या शेवटी व असेल तरच वून : ठेवून, धावून, जेवून. नसेल तर ऊन : जाऊन, घेऊन, पिऊन, धुऊन. ‘धुवून’ सगळीकडं दिसतं, नियमाप्रमाणं ‘धुऊन’.

आता समास. तुमच्या मजकुरात सर्वाधिक चुका इथं निघतील, पैज लावतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी (१४ नियम १९६२ला शासनमान्य झाले, १९७२मध्ये आणखी ४ आले) शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले : कवी, गुरू, शक्ती, मूर्ती, स्मृती, रवी. पण मूळ संस्कृतात ऱ्हस्व असलेला तत्सम शब्द समासात पहिला आला की तो ऱ्हस्वच राहतो. शक्ती पण शक्तिपीठ. मूर्ती पण मूर्तिकार. स्मृती पण स्मृतिचिन्ह. रवी पण रविवार पेठ, शनी पण शनिवार पेठ. पेठांच्या पाट्या बरोबर लिहिणारा माणूस त्याच हातानं ‘शक्तीपीठ’ लिहितो. आणि तुमच्या मुखपृष्ठावरचा शब्द : वसतिगृह. ‘वसतीगृह’ नाही.

मूळचाच दीर्घ असेल तर समासातही दीर्घ : लक्ष्मीपुरी, नदीपात्र, वधूवर. शाहू हा संस्कृतातला ऱ्हस्व उकारान्त शब्द नव्हे, म्हणून शाहूपुरी. ‘शाहुपुरी’ दिसलं तर दुरुस्त करा.

आणखी एक पोटकलम. विद्यार्थी, मंत्री, प्राणी, पक्षी, स्वामी हे मूळचे ‘इन्’ने संपणारे शब्द. समासात न गळतो आणि इ ऱ्हस्व उरते : विद्यार्थिदशा, मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र. वसतिगृहाच्या स्मरणिकेत ‘विद्यार्थीदशा’ किमान दहा ठिकाणी असणार.

‘शक्ति पीठ’ असं अर्धवट तोडूही नका. सुटं लिहायचं तर पहिला शब्द दीर्घ हवा, जोडायचं तर ऱ्हस्व. ही तिसरी तऱ्हा दोन्हीकडून चूक.

---

उत्तर : डीटीपी_लक्ष्मीपुरी

वरचं सगळं मान्य, पण क्रम चुकतोय. अर्धा मजकूर जुन्या फॉन्टमधून आलाय म्हणता, तर व्याकरणाच्या आधी अक्षरं धुऊन घ्या. नाहीतर तुम्ही कागदावर सुधारत बसाल आणि फाइलमध्ये तीच चूक दुसऱ्या वीस पानांवर जिवंत राहील.

१) ऱ्य आणि र्य. रूपांतरात सगळ्यात आधी हा मरतो. शेतकऱ्यांचं ‘शेतकर्यांचं’ होतं, दसऱ्याचं ‘दसर्याचं’. कारण साधं आहे : काही जुन्या पद्धतींत हा अर्धा र दाखवायला मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकलेलं असतं. कॉपी-पेस्ट करताना ते गळलं की अर्ध्या रचा रफार होऊन डोक्यावर चढतो. दिसायला किरकोळ, अर्थ मात्र पालटतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचार्यांना मानपत्र द्यायचं असतं, आचाऱ्यांना जेवणाचे पैसे.

उपाय : फाइलमध्ये ‘र्य’ शोधा आणि एकेक तपासा. सगळे एकदम बदललेत तर कार्यालय, पर्याय, मर्यादा, सूर्य, आचार्य यांचा सत्यानाश होईल. ओळखायची खूण : मूळ शब्दाच्या शेवटी रा, री किंवा रे असेल आणि प्रत्ययामुळे य आला असेल तर ऱ्य (दसरा–दसऱ्याला, पायरी–पायऱ्या, कर्मचारी–कर्मचाऱ्यांना, वारा–वाऱ्यावर). य मूळ शब्दातलाच असेल तर रफार (कार्य, धैर्य, सूर्य).

मग ‘र्ह’ शोधा. गुळावर लेख आहे म्हणजे ‘गुर्हाळ’ नक्की सापडेल. ते गुऱ्हाळ हवं. तसंच कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास. ‘अर्हता’सारखे संस्कृत शब्द तेवढे रफारासकट सोडा.

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग य. असा टाइप केलेला पुन्हा मोडत नाही.

२) द्ध. ‘ध्द’ शोधा आणि सरसकट ‘द्ध’ करा. इथं एकेक बघायची गरज नाही. मराठी शब्दात आधी ध् आणि मग द असा जोड लागतच नाही. शुद्ध, प्रसिद्ध, पद्धत, युद्ध, बुद्धी सगळे एका झटक्यात सुधारतात.

३) ह्म. ‘ब्रम्ह’ आणि ‘ब्राम्ह’ शोधा. ब्रह्म, ब्राह्मण असं हवं.

४) ॲ. हे अक्षर तीन प्रकारे टाइप होतं : एकच सलग अक्षर (युनिकोडमध्ये ०९७२), अ टाइप करून त्यावर वेगळा चंद्र, किंवा हिंदीतलं ऍ. पहिले दोन कागदावर सारखे दिसतात, पण शोधताना एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. जाहिरातींत ‘ॲडव्होकेट’, ‘ॲकॅडमी’ भरपूर असतात. सगळे पहिल्या प्रकारात आणा.

५) वेलांटी. जोडाक्षरावरची पहिली वेलांटी रूपांतरात भलत्या जागी जाते आणि मध्ये ठिपक्यांचा गोल दिसतो. स्थिती, व्यक्तिमत्त्व, विद्यार्थिनी हे शब्द मुद्दाम शोधून बघा.

६) लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. काही फॉन्टांत ल आणि शचं मराठी वळण त्यावरच अवलंबून असतं. शासनाच्या २००९ आणि २०२२च्या वर्णमालेच्या निर्णयांत मराठी ल-शचं वळण ठरवून दिलंय.

हे सगळं आटोपल्यावरच कागदी प्रूफ काढा.

---

स्मरणिका_कोल्हापूर

दोघांनाही धन्यवाद. ‘विद्यार्थीदशा’ शोधला, अकरा निघाले, पैज जिंकलात. ‘र्य’चं काम चालू केलंय.

दोन अडचणी. एक : समितीतले एक सर ‘तुम्हाला’ सगळीकडं ‘तुम्हांला’ करा म्हणतात. दोन : जुन्या पत्रात ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यामुळें’ असं आहे. तेही आजच्या नियमात बसवा म्हणतात. काय करायचं?

---

उत्तर : बोलीभान

तुम्हांला : नियमानं सर बरोबर आहेत. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी लागला की अनुस्वार, आणि नियमात सर्वनामंही येतात : तुम्हांस, आपणांस. पण उच्चारात तो अनुस्वार कुठंच ऐकू येत नाही आणि बहुतेक छापील मजकुरातून तो गेलाय. माझ्या मते ‘तुम्हाला’ ठेवा, फक्त ९६ पानांत एकच ठेवा. खरी मेहनत नामांवरच्या अनुस्वारावर घ्या, कारण तो गळला तर माणसाचा मान जातो. ‘महाराजाचे कार्य’, ‘मुख्यमंत्र्याचा संदेश’ असं छापलं गेलं तर पुढच्या वर्गणीला विसरा. आदरार्थी ‘महाराजांनी’ लिहिलं की त्या परिच्छेदात पुढं ‘त्याने’ येता कामा नये, ‘त्यांनी’च. लेख तुकड्या-तुकड्यांनी टाइप होतो तिथं हे हमखास तुटतं.

आता मुलाखती. इथं उलटी चूक होते : बरोबर असलेलं दुरुस्त केलं जातं. कोल्हापूर भागात बाई सहज म्हणते, ‘मी पाचवीला हितं आलो, तवा रेक्टरबाईंना लई भ्यायचो.’ प्रूफवाल्याची लेखणी लगेच ‘आले’ आणि ‘भ्यायचे’ करते. ते करू नका. बोलणारी बाई आहे हे नावावरून कळतंच, आणि ‘आलो’ हे इथल्या बायकांचं रोजचं रूप आहे. महामंडळाचे नियमही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणं लिहायला मोकळीक देतात. ‘काय करालाईस’, ‘जेवालोय’ तसंच ठेवा.

मोकळीक म्हणजे गोंधळ नव्हे, एवढं मात्र बघा. प्रत्येक मुलाखतीसाठी अर्ध्या पानाची नोंद करा : ‘हितं’ की ‘इथं’, ‘तवा’ की ‘तेव्हा’, ‘न्हाई’ की ‘नाही’. त्या माणसाच्या तोंडी शेवटपर्यंत तेच रूप. एका वाक्यात ‘न्हाई’ आणि पुढच्यात ‘नाही’ आलं की बोली खोटी वाटायला लागते. शक्य असेल तर ध्वनिमुद्रण एकदा ऐका. टाइप करणाऱ्यानं स्वतःच्या गावची बोली घातलेली असते.

मुलाखतीतलं निवेदन, म्हणजे प्रश्न आणि ओळख, वेगळं. तिथं ‘केले, झाले, असे’ किंवा ‘केलं, झालं, असं’, यांतलं एक धरा. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ‘झाले’, मध्यात ‘झालं’ आणि समारोपाला पुन्हा ‘झाले’ : वाचक अडखळतो पण का ते त्याला सांगता येत नाही. हा दोष याद्यांमध्ये नसतो म्हणून सुटतो.

जाता जाता : आभाराच्या पानावर देणगीचं आवाहन असतं. ‘आव्हान’ म्हणजे शड्डू ठोकणं. तालमीच्या लेखात आव्हान, आभारात आवाहन.

---

उत्तर : जुनी_कागदपत्रं

पत्राला हात लावू नका. ते अनुस्वार त्या काळच्या लेखनात चूक नव्हते. ते काढायचं १९६२च्या नियमांनी ठरलं. शिवाय त्यांना अर्थ आहे. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात, सप्तमीचा अनुस्वार. आज ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. म्हणजे पत्र तसंच छापलं तरी आजचा वाचक चुकीचा अर्थ लावू शकतो. म्हणून पत्राच्या वर एक ओळ टाका : ‘मूळ लेखन कायम ठेवले आहे.’ पुरे.

दोन गोष्टी तपासा. पत्र मोडीत होतं की बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडूनही लिहीत नाहीत. त्यामुळं मोडीवरून लिप्यंतर केलं असेल तर ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं लिप्यंतरकारानं घातलेली आहेत, ती आजच्या नियमानं तपासायला हरकत नाही. बाळबोध असेल तर मूळ पत्राचा फोटो शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुसरं : लेखकानं आपल्या लेखात पत्रातली ओळ उद्धृत केली असेल तर तिथंही लेखन मुळातलंच हवं. एका पानावर ‘कांहीं’ आणि दुसऱ्यावर तीच ओळ ‘काही’ अशी येऊ देऊ नका.

---

उत्तर : प्रूफवाला_शनिवारपेठ

‘तुम्हाला’बाबत बोलीभान यांच्याशी माझं जमत नाही, नियम आहे तर पाळावा असं माझं मत. पण छपाई तोंडावर असताना त्यावर सभा घेऊ नका. एकच ठेवा हे खरं.

राहिलं ते शब्दयोगी. ‘घरा समोर’, ‘पावसा मुळे’, ‘विद्यार्थ्यां साठी’ ही तोडफोड मोबाइलवर टाइप केलेल्या लेखांत जास्त, कारण सुचवलेला शब्द निवडला की कळफलक आपोआप जागा सोडतो. ‘ साठी’, ‘ मुळे’, ‘ समोर’, ‘ पर्यंत’, ‘ प्रमाणे’ हे आधी मोकळी जागा देऊन शोधा आणि जोडा. ‘सुद्धा’ आणि ‘देखील’ही व्याकरणानं शब्दयोगीच, म्हणून जोडून : मीसुद्धा, घरदेखील. यांच्यामुळं सामान्यरूप मात्र होत नाही, ‘घरासुद्धा’ नाही.

जाहिरातींत नियम लावत बसू नका. दुकानाच्या पाटीवर ‘शक्ती’ असो वा ‘शक्ति’, मालकानं दिलेलं नाव तसंच. माणसांच्या नावांचंही तेच. शशिकांत नियमात बसतो, पण कोणी ‘शशीकांत’ लिहीत असेल तर ते त्याचं नाव. तिथं एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं, आणि फोन नंबर एकदा शेवटून उलटा वाचायचा. जाहिरातदार ऱ्हस्व-दीर्घावरून पैसे कापत नाही, चुकलेल्या नंबरवरून कापतो.

---

स्मरणिका_कोल्हापूर

मुखपृष्ठावर खरंच ‘वसतीगृह’ होतं. ब्लॉक व्हायच्या आत सापडलं. एकच शेवटचं : आतल्या पानावर ‘राजर्षि शाहू’ आहे, ते तसंच ठेवू का? सुटा शब्द आहे, समास नाही.

---

उत्तर : डीटीपी_लक्ष्मीपुरी

सुटा आहे म्हणूनच राजर्षी, दीर्घ. एखाद्या संस्थेच्या नोंदणीकृत नावात ‘राजर्षि’ असेल तर तेवढं तसंच सोडा. आणि बदल करताना रफार र्षीवरच बसलाय ना ते प्रिंट काढून बघा; जाड वळणाच्या शीर्षक-फॉन्टांत रफार आणि दुसरी वेलांटी एकमेकांवर चढतात, पडद्यावर कळत नाही.